तिरका काप

खोक्यावरची चिकटपट्टी कापली, वरचा थर्माकोल बाजूला केला आणि आत आक्काचा पाय दिसला. प्लास्टरचा, पांढरा, मांडीपासून बोटांपर्यंत. तो येणार हे मला माहीत होतं, मीच मागवला होता. ठाण्याला दिशा नावाची मुलगी आहे, ती अधू पायांसाठी कॅलिपर बनवते. तिनं आक्काच्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलं होतं, त्या मापात हा साचा ओतला होता आणि टेम्पोनं माझ्या दापोड्याच्या गाळ्यावर पाठवून दिला होता. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. तरी मी खोकं परत झाकलं आणि बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. आक्का माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही जन्मभर एका घरात राहिलो. माझी पंचावन्न वर्षं झाली, पण तिचा डावा पाय मी आजवर पाहिला नव्हता.

पाहिला नव्हता म्हणजे पाहायचा नाही असं कुणी सांगितलं होतं असंही नाही. पोलिओचा पाय. ती तीन वर्षांची असताना ताप आला आणि जाताना पाय घेऊन गेला, असं आई सांगायची, तेही कुणी विचारलं तरच. आक्का लुगडं घोट्याच्या खाली सोडायची आणि सकाळी सगळे उठायच्या आत दार लावून कॅलिपर चढवायची. दोन लोखंडी सळ्या, मध्ये चामड्याचे पट्टे, गुडघ्याशी कडी. बसताना कडी उचलायची, उठल्यावर खट्ट करून बसवायची. आम्हा घरच्यांच्या नजरेला एक वळणच पडलं होतं. ती उठली की आम्ही आपोआप दुसरीकडे बघायचो. कुणी भिंतीकडे, कुणी भाताच्या टोपाकडे. मला वाटायचं याला माया म्हणतात. चहा संपवून गाळ्यात परत आलो, पाय खोक्यातून काढून टेबलावर आडवा ठेवला आणि बराच वेळ त्याच्याशेजारी नुसता उभा राहिलो. पोटरी माझ्या मनगटाएवढी. गुडघा मात्र भरलेला, शहाणा वाटणारा. बोटं एकमेकांना बिलगलेली. मला एकदम त्या पायाची माया आली. बहिणीची होतीच, पण पायाची वेगळी आली. मी त्यावर फडकं टाकलं, आणि मग माझं मलाच हसू आलं, प्लास्टरला कसली आली आहे लाज.

माझा धंदा फायबरचा. लोक फायबर म्हणतात, पण त्यात दोन जिनसा असतात. काचेचे धागे आणि रेझिन. काचेचा धागा ओढायला चिवट, पण वाकवला की मोडतो आणि हाताला खाज आणतो ती वेगळीच. रेझिन म्हणजे मधासारखा दाट रस. त्यात हार्डनर टाकला की थोड्या वेळात घट्ट होतो, पण नुसत्या रेझिनची वडी टाचेखाली चिक्कीसारखी फुटते. दोघांपैकी एकटा कुणीच कामाचा नाही. धाग्यांचे थर रसात भिजवून साच्यावर बसवले, रोलर फिरवून आतली हवा काढली आणि वाळू दिलं, की ट्रकची टपं होतात, टाक्यांची झाकणं होतात, बागेतल्या घसरगुंड्या होतात. पाऊस लागत नाही, गंज चढत नाही, वजन जेमतेम. गंमत ही की एकत्र येऊनही काच काचच राहते आणि रेझिन रेझिनच. साखर पाण्यात विरघळते तसं काही होत नाही. हे मी एकदा चंद्राला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली की आपल्या घरात काच कोण आहे ते विचारायला नको.

पण मी मुळात फायबरवाला नव्हे, मी मागवाला. पूर्ण्याला आता जिथं गोडाऊनांच्या रांगा आहेत, तिथं आमची खाचरं होती, आणि खाचरांच्या कडेला वडिलांनी यंत्रमागांची शेड घातली होती. त्या शेडची खरी मालकीण आक्का. तिला शाळेत फार घातलं नाही, लग्नाचा विषय आई काढायची आणि आईच मिटवायची. मग वडिलांनी तिला शेडमध्ये स्टूल टाकून दिलं. ती स्टुलावर कधी बसलीच नाही. दिवसभर मागांच्या मधून फिरायची. मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं कॅलिपरचा आवाज कुणाला येणार. कामगार मान खाली घालून काम करायचे आणि वर बघितलं की आक्का शेजारी उभी. युपीचे, बिहारचे, तेलंगणाचे, सगळे तिला आक्काच म्हणायचे. घरात ती खटखटत चालायची, सगळ्यांना कळायचं की आली. शेडमध्ये ती इतर बायकांसारखी चालायची. हे मला तेव्हा कळलं नाही. मागांचे दिवस राहिले नाहीत, माग भंगारात गेले, मी दापोड्याला गाळा घेऊन फायबरमध्ये पडलो, शेड रिकामी झाली. तिथं आक्का एकदा गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली आणि परत आली. पुन्हा गेली नाही. तिचा स्वतःचा आवाज तिला तिथं ऐकू आला असणार, असं मला आज वाटतं.

आता तिची साठी उलटली. ते लोखंड ओढून ओढून कंबर झिजली. डॉक्टरांनी फोटो काढला आणि स्वच्छ सांगितलं की हे वजन पायातून गेलं पाहिजे, हलका कॅलिपर घ्या, नाहीतर वर्षभरात चाकाची खुर्ची. आक्कानं उठून कडी खट्ट बसवली. घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, "खुर्चीत बसलेली मी तुमना दिसनार न्हाय." म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, पण चंद्राचा चेहरा उतरला. त्या रात्री मला खुर्ची दिसत राहिली आणि खुर्चीत आक्का नाही असं दिसत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी दिशाचा पत्ता काढला. दिशा म्हणाली की कार्बन फायबरचा करू, लोखंडाच्या पाव वजनात होईल, पण तिच्याकडे प्लास्टिकचं काम चालतं, कार्बनचं काम ती बाहेर पाठवते, महिना-दोन महिने लागतात. मी म्हटलं, बाहेर कशाला, माझा गाळा आहे, आयुष्य याच्यातच चाललंय, आपला हात जगन्नाथ. ती माझ्याकडे जरा बघत राहिली, मग तयार झाली. तिनं कुठं जाड, कुठं पातळ, कुठं बिजागरी ते सगळं समजावलं आणि वर म्हणाली, "काका, सगळे थर उभे घालू नका. अधले मधले तिरके घाला." मी हो म्हटलं. आपण डॉक्टरला हो म्हणतो तसं.

कार्बनचं कापड आलं आणि मी हरखलो. काळं, रेशमासारखं, उन्हात धरलं तर माशाच्या पाठीसारखं चमकणारं. आणि त्याची वीण पाहून मी जुन्या काळात गेलो. त्यात सगळा ताणाच ताणा. उभे धागे एकमेकांना चिकटून आणि बाणा नावाला, कुठंतरी एखादा बारीक आडवा दोरा, उभ्यांना धरून ठेवण्यापुरता. असं कापड आमच्या शेडमध्ये निघालं असतं तर वडिलांनी कामगाराची हजेरी कापली असती. टाक्यांच्या झाकणांना मी जी काचेची मॅट वापरतो, तिच्यात धागे कसेही पडलेले असतात, पेंढा अंथरल्यासारखे. त्यामुळे इतक्या वर्षांत धाग्याची दिशा हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता दिशा असलेलं कापड हाती आलं आणि आतला मागवाला जागा झाला. ताणा उभा. शर्ट असो, चादर असो, ताण जिकडे पडणार तिकडे ताणा. आणि तिरका काप? मागवाल्याच्या घरी कापडाला तिरकी कात्री लावणं म्हणजे ताटातलं अन्न उकिरड्यावर टाकणं. एक तुकडा तिरका काढायचा तर दोन्ही बाजूंना त्रिकोण वाया जातात, आणि ते त्रिकोण कशालाच उपयोगी नाहीत. वडील तर शिंप्याच्या दुकानात तिरकी कतरण पडलेली दिसली की चप्पल न घालता बाहेर यायचे. मी कात्री हातात घेतली, तिरकी धरली, आणि माझा हात चालेना. मग मी स्वतःला समजावलं की आक्का चालते तेव्हा वजन वरून खाली येतं, मग धागेही वरून खालीच पाहिजेत, ती पोरगी पुस्तकातलं सांगते. सगळे थर उभे घातले. एकही त्रिकोण वाया गेला नाही. इतका सुंदर कॅलिपर झाला की गाळ्याशेजारचे ट्रान्सपोर्टवाले बघायला आले आणि मी त्यांना हातात धरू दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दिशाच्या दवाखान्यात दोन समांतर दांड्या आहेत, त्यांना धरून पहिल्यांदा चालवतात. आक्कानं आत जाऊन कॅलिपर चढवला, बाहेर आली, दांड्या धरल्या आणि चालली. तिच्या भुवया वर गेल्या. "काय घातलंच न्हाय असा वाटतंय," ती म्हणाली. चंद्रानं माझा दंड दाबला. आक्का टोकापर्यंत गेली, वळली, आणि वळताना कट्ट असा आवाज झाला. बांबू उन्हात तडकतो तसा. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत उभी भेग. ती पडली नाही, दांड्या होत्या. दिशानं धावत जाऊन तिला बसवलं, पाय तपासला, कुठं लागलं नव्हतं. मग तिनं ती भेग पाहिली, धाग्यांची दिशा पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. ती मला काही बोलली नाही, हे तिचे संस्कार. आक्कानं लोखंडी कॅलिपर मागून घेतला. घरच्या वाटेवर गाडी काल्हेरला आली. मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हाय तो बरा हाय. आता पुन्ना माप न्हाय, काय न्हाय."

म्हणजे खुर्ची. म्हणजे तिच्या हिशेबानं खुर्चीही नाही. मला जेवण जाईना. गाळ्यावर जाऊन मी तो फुटलेला कॅलिपर हातात घेतला. लांबीच्या दिशेनं वाकवायला गेलो तर माझ्या वजनालाही दाद देईना, आणि भेगेत नख घातलं तर नारळाच्या झावळीसारखा सरसर उभा उसवत गेला. एका दिशेला वाघ, दुसऱ्या दिशेला पापड. धाग्याच्या आडवं धरून ठेवायला तिथं नुसतं रेझिन होतं, आणि नुसत्या रेझिनची किंमत मी गाळ्यावरच्या नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. एवढं समजलं. पण ती सरळ चालताना फुटला नाही, वळतानाच का फुटला, हे समजेना. वजन तर तेच होतं. दिशाला फोन करायची लाज वाटत होती. दोन दिवस मी चिडचिडा होऊन घरात फिरलो आणि चंद्रानं मला ओट्यावर जाऊन बसायला सांगितलं.

ओट्यावर बसलो होतो तेव्हा आक्का पाण्याची मोटर बंद करायला अंगणातून निघाली. दुपारची वेळ, गोडाऊनकडे जाणारे कंटेनर रस्त्यावर उभे होते. तिनं पाऊल टाकलं आणि माझी मान सवयीनं रस्त्याकडे वळली. मी ती परत फिरवली. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बहिणीला चालताना बघितलं. उजवा पाय टाकला, कंबर वर उचलली, डावा पाय सरळ पुढे येतच नाही, तो बाहेरून गोल फिरून येतो, कोयता फिरावा तसा, आणि जमिनीला टेकला की वरचं अंग त्याच्यावर पिळा घेतं. प्रत्येक पावलाला पिळा. वजन खाली येतं हे खरं, पण ते ओल्या चादरीसारखं पिळत खाली येतं. आणि पिळ्याला उभा धागा काय करणार, पिळा धरतो तो तिरका धागा. एवढी साधी गोष्ट. दिशानं ती पहिल्याच दिवशी पाहिली होती, कारण ती तिच्या पायाकडे बघत होती. आम्ही जन्मभर भाताच्या टोपाकडे बघत होतो. 

आक्का मोटरपाशी थांबली आणि वळून म्हणाली, "काय बगतंस?"

तोंडाशी दुसरं काहीतरी आलं होतं, मोटरीचं वगैरे. पण मी म्हटलं, "तुजा पाय."

तिनं मोटरीचं बटण बंद केलं. रस्त्यावर एका ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मला वाटलं आता ती आत निघून जाईल आणि मग हा विषय कायमचा संपेल, जसा लग्नाचा संपला होता. तिनं लुगड्याचा काठ चिमटीत धरला आणि पोटरीपर्यंत वर उचलला. "मंग नीट बग," ती म्हणाली, आणि चालायला लागली. मोटरीपासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून मोटरीपर्यंत. मी बघत होतो. टाच कशी टेकते, गुडघा कुठं आत जातो, वळताना कुठल्या बाजूला जोर येतो. चंद्रा दारात आली, तीही उभी राहून बघायला लागली, आणि आक्कानं तिलाही काही म्हटलं नाही. उलट वळण आलं की ती जरा हळू व्हायची, आम्हाला दिसावं म्हणून. शेवटी दमून ओट्यावर बसली, काठ खाली सोडला आणि म्हणाली की उद्या गाळ्यावर मीही येते, तुझ्या एकट्याच्या भरवशावर नाही.

दुसऱ्या दिवशी मी आधी दिशाला फोन केला आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं. ती हसली, म्हणाली, बरं झालं दांड्यांमध्ये फुटला. मग तिनं थर सांगितले, उभा किती, तिरका कुठं, एक तिरका डावीकडे झुकला की वरचा उजवीकडे. आक्का गाळ्यात माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसली. प्लास्टरचा स्वतःचा पाय तिनं उचलून बघितला, बोटांवरून अंगठा फिरवला, "बारीकच हाय की रे," म्हणाली आणि बाजूला ठेवला. कात्री मी तिच्यापुढे सरकवली, कारण माझा हात अजूनही चालत नव्हता. तिनं कापड अंथरलं, खडूनं कोनाकोन रेघ मारली आणि कात्री घातली. कररर आवाज करत कात्री तिरकी गेली.  त्रिकोण टेबलाखाली पडला, तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मी नको नको म्हणत असणार, कारण ती म्हणाली, "आपल्याला ह्यो कपडा इकायचा हाय का? मना चालायचा हाय." मग आम्ही दोघं कामाला लागलो. रेझिनमध्ये हार्डनर पडला की वेळ तुमचा राहत नाही. मगातला रस आधी कोमट होतो, मग गरम, आणि त्याच्या आत थर बसलाच पाहिजे. ती पट्टी द्यायची, मी भिजवायचो, रोलर फिरवायचो, ती पुढची पट्टी उलट्या तिरक्यात धरून तयार. शेडमध्ये असंच चालायचं. किती वर्षांनी आम्ही एका कामावर उभे होतो. वरून पिशवी चढवून पंपानं हवा ओढून घेतली, कापड पायाला घट्ट बिलगलं, आणि मी सुखात होतो. हे मी सरळ लिहितो, कारण त्या वेळी मला ते सरळच वाटलं. दरवाज्याबाहेर टेम्पोवाले भांडत होते, हातांना खाज सुटली होती, आणि मी सुखात होतो.

दिशाच्या दवाखान्यात दांड्यांच्या टोकाला आक्का वळली तेव्हा मी, चंद्रा आणि दिशा तिच्या पायाकडेच बघत होतो. आवाज झाला नाही. ती परत आली, पुन्हा गेली, पुन्हा वळली. मग दांड्या सोडून वळली. दिशानं तिला बसवून, कॅलिपर काढून, उजेडात फिरवून फिरवून तपासला, कुठं रेघ नाही की पांढरा डाग नाही. महिनाभर जपून वापरा, मग दाखवायला या म्हणाली. निघताना तिनं सहज सांगितलं की याचा तळवा पातळ आहे, मागून पट्टा असलेल्या कुठल्याही सँडलमध्ये बसेल. लोखंडी कॅलिपर बुटाच्या टाचेत ठोकलेला असायचा. तो काळा बूट ठाण्याचा एक कारागीर बनवायचा, दुसऱ्या पायाला त्याच्या जोडीचा. लग्नाला, सणाला, उन्हाळ्यात, आक्काच्या पायात तेच. आक्का गाडीत बसली आणि घरी नको म्हणाली, तीनबत्तीच्या बाजारात घे म्हणाली.

चपलांच्या दुकानात ती पायरी चढून गेली. मी मागून हात पुढे केला होता, तो तसाच राहिला. भिंतीवरच्या सगळ्या रांगा तिनं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या. घाई केली नाही. मग मरून रंगाची, सोनेरी बक्कल असलेली एक सँडल दाखवली. चंद्रा माझ्या कानात म्हणाली की हिची आवड तर नव्या नवरीची आहे. दुकानदारानं काउंटरमागून विचारलं, "कौन सा नंबर, आपा?"

आक्का माझ्याकडे बघायला लागली. मी चंद्राकडे. तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. या बाईच्या पायाचा नंबर जगात कुणालाच माहीत नव्हता. दुकानदार समजूतदार, त्यानं काही न बोलता मापाची पट्टी आणून खाली ठेवली. आक्कानं आधी उजवा पाय ठेवला. मग काठ जरा उचलून डावा ठेवला, कॅलिपरसकट, भर दुकानात. उजवा सहा, डावा चार. दुकानदारानं डोकं खाजवलं. जोडी फोडता येणार नाही, दोन्ही नंबर घ्यावे लागतील, आणि मग एक चार नंबरची उजवी आणि एक सहा नंबरची डावी उरणार. "वो तो बेकार जाएगी," तो मलाच म्हणाला, जसा काही मी पालक.

मला त्याचं पटलं. माझा हात पुन्हा अडला, जुनी खोड. आक्कानं दोन्ही खोकी पुढ्यात घेतली. तिची जोडी पायात घातली, बक्कल स्वतः लावलं. उरलेल्या दोघी एका खोक्यात शेजारी शेजारी ठेवल्या, वर कागद पसरला आणि झाकण लावलं.

"बेकार कशी?" ती त्याला म्हणाली. "ही बी जोडीच हाय. उजवा पाय बारीक असंल अशी कोन तरी बाई असंलच की."

मग खोकं काखेत मारून ती दुकानाची पायरी उतरली आणि मला म्हणाली, "दिशाला फोन लाव. तिला ठावं असंल."